डावखुरा पीळ

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
सोम्यूरच्या नगरभवनात मला एक टेबल मिळतं,
दिवा, भिंग, हिरवी बनात,
आणि समोर रांग:
आजोबांची घड्याळं, तपकिरीच्या डब्या,
कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नातले काटे-चमचे.
माझा विषय एवढाच, बुचं काढायचे जुने स्क्रू.
लोक हसतात. हसू देत.
बूच अर्ध्यात तुटलं की कुणी हसत नाही.

पारख आधी बोटांना होते, डोळ्यांना मागाहून.
टोक बघायचं. टोक गेलं की किंमत निम्मी,
मूठ भले हस्तिदंती असो.
मग मुठीतला ब्रश,
बाटलीच्या गळ्यावरची तळघरातली धूळ झटकायचा.
केस झडलेले असले तर बरं,
दाट असले तर संशय घ्यायचा,
दोनशे वर्षं कुणाचे टिकलेत?
पितळेवर राजमुद्रा असेल
तर सिंहाची आयाळ चाचपायची,
हात लागतो तिथेच झिजलीय, की सगळीकडे सारखी.
हात सगळीकडे सारखा लागत नसतो.

मादाम लेस्कुएनं बुटांच्या खोक्यातून
एकोणीस काढले. नवरा मार्चमध्ये गेला.
"पगार घातला त्यानं यांत," ती म्हणाली,
"आणि घरी प्यायचो फिरकीच्या झाकणाची."
मी एकेक उचलत गेलो.
वीस युरो. पंधरा.
या पट्टेरी मोज्यांतल्या घडीच्या तंगड्या, जर्मन,
सेल्युलॉइडला चीर नाही: अडीचशे.
अत्तराच्या कुपीचा, करंगळीएवढा: चाळीस.
ती प्रत्येक आकडा पाकिटाच्या पाठीवर लिहीत होती,
बेरीज मात्र करत नव्हती.

सतरावा हातात आला आणि मनगट थांबलं.
पितळी नळी, हाडाची मूठ,
ब्रश हवा तेवढाच झडलेला,
आयाळ झिजावी तिथेच झिजलेली.
खरा असता तर साडेचारशे, डोळे मिटून.
फिरवून पाहिला.
शेवटच्या वेढ्याला कानस उलट्या अंगानं लागली होती.

तिएरला आमच्या घराखालच्या कारखान्यात
एकच माणूस डावखुरा होता.
रात्री पितळ चहात उकळायचा,
हाडाला बुटाचं पॉलिश चोळायचा,
आणि नव्या ब्रशचे केस आईच्या चिमट्यानं
एकेक उपटायचा,
कुणाला टक्कल घडवून दिल्यासारखा.
म्हणायचा, घडवणं सोपं रे, झिजवायला धीर लागतो.
तो धीर माझा असायचा.
शाळेतून आलं की तासभर
सिंहावर अंगठा घासत बसायचं.

सुंभ केव्हाच जळला. तीस वर्षं झाली.
पीळ तेवढा दिव्याखाली चमकत होता.

"हा त्याचा फार लाडका," मादाम म्हणाली. "याला किती?"
मी भिंग पुसलं. नको तेवढा वेळ पुसलं.
पितळ खोटं, हाड बैलाचं, राजमुद्रा ठशातली,
झीज मात्र खरी,
एका नऊ वर्षांच्या अंगठ्याची.

"विकायचाय का?"
"तेच तर तुम्हाला विचारतेय."

पाकिटावर जागा उरली नव्हती,
ती कडेला, उभं, बारीक अक्षरात लिहायला टेकली.
मी अंगठा सिंहावर ठेवून पाहिला.
आता मावत नव्हता.
मागे रांगेत कुणीतरी खोकलं,
कवेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं,
टिकटिकत असलेलं.