साडेआठ किलो

बोगुमिऊने दोन्ही चाकं काउंटरवर ठेवली,
मध्ये त्याचा चहा, लिंबाची चकती तरंगणारा.
बाहेर ब्येल्स्कोच्या छपरांवरून बर्फ घसरत होतं
थोडं थोडं, कुणाला न विचारता.

"उचल," म्हणाला.

जुनं उचललं. तेरा किलो.
पोटात वळणदार स्प्रिंगा, नऊ हिवाळ्यांत ढिल्या झालेल्या,
हलवलं की खुळखुळतं
नाणी संपत आलेल्या गल्ल्यासारखं.

नवं उचललं तर हात उगाच वर गेला,
जास्तीचा जोर हवेत राहिला.

तिमोन फोनवर ओरडतच होता,
"चार किलोचं घे, ॲल्युमिनियमचं! काटा बघ कसा उडतो!"
माझा धाकटा भाऊ. त्याच्याकडे सायकल आहे.

बोगुमिऊ चहा ढवळत राहिला.
"हलकं चाक पटकन चढतं.
उतरतंही पटकन, हे जाहिरातीत कुणी छापत नाही.
जड चाकाच्या गाठीला फिरणं असतं.
तुझा पाय क्लचवर चुकला
तर पदरचं थोडं देऊन ते सांभाळून घेतं.
हलकं उसनं देत नाही.
आता सांग, गाडी कुठे चालवतेस?"

रविवारी साल्मोपोलचा घाट,
तिसऱ्यातून दुसऱ्यात, टाचेने ॲक्सिलरेटर हुसकावत,
मागची चाकं ओल्या डांबराला पुटपुटत विचारतात, जाऊ का?
हे मी सांगितलं, हातवारे करून.

आणि सोमवारी?

सोमवारी रात्रपाळी. इस्पितळाच्या अलीकडे
चढावरचा तो सिग्नल,
मागच्या सीटवर आई,
तिच्या गुडघ्यांत झुरेकचं पातेलं, फडक्याने बांधलेलं.
हे सांगायला मला वेळ लागला.

मग त्याने जुन्या क्लचची तबकडी काढली.
मला वाटत होतं, तेवीस दात जुळले,
व्यास जुळला, की झालं. बसेल.
"बसेल," तो म्हणाला, "बसणं वेगळं.
हिच्या मधोमध बघ. सपाट. एक स्प्रिंग नाही,
कारण स्प्रिंगा चाकाच्या पोटात होत्या.
हीच नव्या चाकाला लावलीस
तर इंजिनाची प्रत्येक थरथर सरळ गिअरबॉक्समध्ये.
कुठेतरी स्प्रिंग हवीच, हाल्श्का.
चाकात नसेल तर तबकडीत,
तबकडीत नसेल
तर मग दात सोसतात."

मी माझी जीभ दाढेवरून फिरवली.
डॉक्टर म्हणाला होता, झोपेत खाता तुम्ही दात.

त्या वर्षी मीही वजन उतरवलं होतं.
नवरा, मोठं घर, बारा माणसांचं टेबल.
सगळे म्हणाले, किती चपळ झालीस!
खरं होतं ते.
नुसतं चढावर बंद पडत होते.

शेवटी पोलादी घेतलं, साडेआठ किलोचं.
तबकडी सहा स्प्रिंगांची, अस्तर साधं;
सिरॅमिक नको, ते चावतं तेव्हा मान हलवतं.
प्रेशर प्लेट त्याच घरची.
बेअरिंगही नवं, कारण गिअरबॉक्स एकदाच उतरवायचा असतो
आणि मजुरी दोनदा भरायची नसते.
बोल्ट मी जुनेच लावा म्हणाले.
त्याने ते डबीत टाकले आणि झाकण लावलं.
"एकदा ताणले गेले की परत नाही."
भाव त्याने कमी केला नाही. पावती मात्र
फार सुंदर अक्षरात लिहिली.

सोमवारी सिग्नलला गाडी बंद पडली.
मागून हॉर्न. मागून आणखी एक.
दुसऱ्यांदा पाय सावकाश वर आणला,
पायाखाली पकड कुठे जागी होते ते शोधत,
अंधारात पायरी शोधावी तसा.

न्यूट्रलला आता एक खडखड असते,
कपाटात कुणी शिवणयंत्र चालवल्यासारखी.
आईने कान दिला.
"हे आधी नव्हतं."
नव्हतं, आई.
"झाकण नीट आहे का बघ," ती म्हणाली
आणि पातेल्यावरची गाठ स्वतःच घट्ट केली.

हिरवा लागला.
काटा उडाला, मी त्याला जाऊ दिलं,
आणि तो परत यायच्या आत
दुसरा गिअर.