घंटेकरी

आस्लाउग दारातच उभी असे,
येईल त्याचे हात हातांत घेत.
कुणाचा गुडघा, कुणाची सून, सगळं तोंडपाठ.
देव तिला माणसांतूनच भेटायचा,
कॉफीच्या वाफेतही.

भाऊ एइविन मनोऱ्यात.
बावन्न पायऱ्या वर, दोर आणि कावळे.
अख्ख्या फ्योर्डला हाक मारायची
आणि कुणाशी बोलायचं नाही,
हे त्याला साधलं होतं.
पाद्रीबाई म्हणाल्या, या की खाली कधीतरी.
तो म्हणाला, बोलावतो ना मीच सगळ्यांना.

आस्लाउगसाठी घंटा वाजवली त्या दिवशी
तो उतरला.
दारात, तिच्या जागी,
हात पुढे, नजर बुटांवर.
लोकांनी तो जपून धरला,
गार, खरबरीत.

नंतर कॉफी पिताना
कितीतरी तळव्यांना
दोराचा वास होता.