पाण्याची उडी

माळेगावच्या बाजारात तिच्या डोळ्याखालचा भोवरा बघून
गिऱ्हाइकं पुढं सरकायची.
आसूढाळ, म्हणायची. धन्याला रडवते.
दफेदार घुग्यांनी दात मोजले, खूर उचलून वास घेतला,
रुमालाखाली बोटं दाबली
आणि निम्म्या किमतीत सुगी आमची झाली.
टेम्पोत म्हणाले,
"रडायचं तर काय, बिनघोडीचंबी रडतच होतो की."

अंबडच्या अलीकडं, मोसंबीच्या बागेला लागून पडीक चार एकर.
चुन्यानं आखलेला लांबुळका चौकोन,
कडेनं तेलाचे डबे, डब्यांवर अक्षरं.
शाळेला जाणारी लेकरं विचारायची,
ए नंतर के कसा? बाराखडी चुकली का?
घोडी हीच बाराखडी शिकते, दफेदार सांगत.
मी ए पासून सी पर्यंत
सहा महिने एकच रेघ ओढत राहिले, दुडक्या चालीनं.
रेघ वाकडी आली की ते टोपी काढत.
बोलत नसत.

ओंडका, ट्रॅक्टरचे टायर, मोडकं जू,
सगळ्यावरून गेली ती.
कडब्याच्या पेंढ्यांचा अडथळा आधी खाल्ला, मग ओलांडला.
खाजाभाई नालबंद खूर तासता तासता म्हणाले,
"इसके पाँव में जल्दी नै बेटा, सोच है."

पण पाणी.
पाणी तिला बादलीतलं माहीत, हौदातलं माहीत.
जमिनीवर आडवं पडून आभाळ दाखवणारं पाणी
तिला भोक वाटायचं, भुईला पडलेलं.
आम्ही खड्डा खणला.
टँकरवाल्या लिंबाजीनं विचारलं, कशाला?
घोडीला उडी शिकवायला.
त्यानं पाइप परत गुंडाळला.
बरोबरच होतं त्याचं.

मग पाटाला आवर्तन सुटायची वाट बघितली.
वर्षात तीन आवर्तनं, म्हणजे तीनदाच शाळा.
पहिल्याला तिनं चारीचं पाणी नुसतं हुंगलं.
दुसऱ्याला एक पाय घातला, काढला,
माझ्यासकट मागं वळली.
तिसऱ्याला गुडघ्यापर्यंत आली आणि थरथरत थांबली.
"लगाम ढिला सोड," दफेदार म्हणाले. "पिऊ दे.
तहानंला कुणी भेत नाही."

छावणीच्या मैदानावर लांबून आलेले उंच घोडे होते,
आयाळींच्या वेण्या, झुलीवर विणलेली नावं.
सुगीच्या पाठीवर माझ्या मावशीची गोधडी.
तिचे आत वळलेले, टोकाला टोक लागणारे कान बघून
परीक्षक बाई हसल्या, पण रेघ सरळ आली.

दुसऱ्या दिवशी क्रॉस-कंट्री.
ओंडका, खंदक, उतारावरचा कठडा, पुन्हा ओंडका,
वारा हेल्मेटात शिट्टी घालत होता,
ती चौखूर उधळलेली, मी नुसती सोबत.
अकराव्या नंबरला पाणी.
मी श्वास धरला. तिनं धरला नाही.
उडी. फवारा. पोटापर्यंत ओली.
आणि मधोमध
ती थांबली.
मान खाली घातली.

टाच मारायला हवी होती.
घड्याळ पळत होतं, दोरीपल्याडची माणसं ओरडत होती,
आणि एकेक घोट तिच्या मानेतून उतरताना
माझ्या मांड्यांना कळत होता.
तेरा मोजले.
पलीकडच्या काठावर दफेदारांनी टोपी काढली.
रेघ कुठं वाकडी आली, कळेना.

मग तिनं तोंड वर केलं, ओठांतून धार,
आणि न सांगता काठ चढली.

तिसऱ्या दिवशी दोन दांड्या पाडल्या.
चोविसांत एकोणिसावा नंबर.
खाजाभाईंनी नाल बघितले, चारही जागेवर,
तेवढ्यावर त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

परतीच्या टेम्पोत, करमाडच्या पुढं, मी विचारलं,
टोपी काहून काढली?
"ऊन लागत होतं."
जानेवारीत.
बराच वेळ ते मागच्या जाळीतून सुगीकडं बघत राहिले,
मग म्हणाले,
"पुढलं आवर्तन कव्हा हाये, विचारून ठेव."