हवा खेळू दे

सकाळी साडेनऊला चौगुलेअण्णांचा पहिला फोन:
"पोरी, उजवीकडं अजून चार बोटं जागा दिसतीया."
चार बोटं.
फोनची काचसुद्धा ते बोटांनीच मोजतात,
सौद्यात हळकुंड मोजावं तशी.

आमचं काम तसं साधं.
हळद, बेदाणा, गूळ,
यांचे भाव सांगलीच्या मार्केट यार्डातून उचलायचे
आणि सौदा थंड व्हायच्या आत
गावोगावच्या फोनवर पोचवायचे.
भाव फुकट.
फुकटाचं पोट भरतात ट्रॅक्टर,
ठिबकच्या नळ्या, द्राक्षावरची औषधं,
माधवनगर रोडचा सोनार,
आणि "प्रवेश सुरू" म्हणत हसणारी, टाय घातलेली पोरं.
माझा पगारही त्यांच्यातच कुठंतरी लुकलुकत असतो.
मी नाही म्हणत नाही.

रंग मी निवडलेला.
ओल्या हळदीचा नव्हे,
पॉलिश झालेलं हळकुंड कडकन मोडल्यावर
आत दिसतो तो.
तीन दिवस लागले सापडायला.
त्यावरून आता लाल पट्टी धावते,
पट्टीवर निळा ट्रॅक्टर,
ट्रॅक्टरवर बाई,
बाईच्या गळ्यात दुसऱ्याच जाहिरातीचा हार.

मंगळवारी यार्डात गेले होते.
गाळ्यासमोर पोत्यावर ईश्वरा कोळेकर,
मनगटापर्यंत पिवळा, हातात फोन.
"ताई, राजापुरी काय म्हणतीया बघा की.
मी दाबतोय भाव, उघडतोय ट्रॅक्टर.
तिसऱ्यांदा उघडला.
मला ट्रॅक्टर घ्यायचाच न्हाई, मी हमाल हाय."
तो हसला. मी हसले नाही.
माझ्याच पानावर मला
राजापुरी सापडायला सात सेकंद लागले.
मोजले मी.

पूर्वी म्हणे भाव रुमालाखाली ठरायचा,
बोटाला बोट लावून,
शेजारच्याला दिसू नये म्हणून.
रुमाल गेला.
आता तो मी घालते,
रंगीत, आणि मिनिटाला तीनदा बदलणारा.

परतताना उगाचच हरिपूरला वळले.
मैत्रिणीच्या सासऱ्यांचं जुनं पेव आहे तिथं,
पुरानंतर रिकामंच.
म्हातारे बोलके. मी न विचारताच सांगू लागले,
"पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतंय.
तोंड मोकळं ठेवायचं. हवा खेळू द्यायची.
मग दोरीनं कंदील सोडायचा खाली."
"आणि विझला तर?"
"तर थांबायचं.
हळद कुठं पळून जात न्हाई. माणूस जातंय."

रात्री लाल पट्टी काढली.
बाई ठेवली, हार ठेवला;
हाराचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात.
ट्रॅक्टर खाली नेला, भावांच्या पलीकडं,
जिथं माणूस काम झाल्यावर
रिकामटेकडा हिंडत पोचतो.
आणि भावांच्या चारी अंगांना
हळदीनं माखलेला एक अंगठा मावेल
एवढी जागा सोडून दिली.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"ही जागा कुणाची?"
"कुणाचीच नाही."
"म्हंजे विकायची ऱ्हायलीया."
"कंदिलाची आहे," मी म्हणाले,
आणि माझं मलाच ते जरा जास्त वाटलं.
अण्णांना कंदिलाची जाहिरात आठवेना.
बराच वेळ बघत राहिले.
मग त्यांचा अंगठा आपसूक गुळावर गेला,
गूळ उघडला,
ते "हं" म्हणाले.
"शनिवारपर्यंत ऱ्हाऊ दे. मग बघू."

शनिवार परवा आहे.
ट्रॅक्टरवाल्यांचे दोन फोन येऊन गेलेत.
मी खोलीवर, भाताला फोडणी देता देता
डब्यातली हळद अंगठ्याला लावते,
पान उघडते,
राजापुरी दाबते.
राजापुरी उघडते.
काचेवर पिवळा ठसा राहतो.
पुसत नाही.