पिलबाग

एकशे दहा पानांचा आराखडा होता,
स्पायरल बाइंडिंग, निळं कव्हर.
मीच लिहिला. पुण्याहून शिकून आलेली मी.
जळगावात रिंग रोडला दुसऱ्या मजल्यावर
सहा खुर्च्या, एक कूलर,
आणि भिंतीवर वर्षाची लांबलचक पट्टी,
प्रत्येक चौकोनाला तारीख, तारखेला नाव.

अकराव्या महिन्यात सावद्याला गेलो दाखवायला.
सुपडूशेठ अत्तरदे खाटेवर, समोर ट्रक भरत होता.
चौदा स्क्रीन. रंगीत आलेख. उघडायला पासवर्ड.
शेठ काही बोलले नाहीत,
फोन रुबाबकाकांच्या हातात दिला.

रुबाब तडवी. पस्तीस वर्षं घड मोजणारा माणूस,
अंगठा केळीच्या चिकानं काळा, कातडीत मुरलेला.
त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं.
फोनला तो अंगठा ओळखूच येईना.
"हे माह्या कामाचं नाही, पोरी,"
रागानं नाही, पावती फाडावी तसं.
आणि शेठ: "मले एवढंच सांग,
गाडी निघाली का अन् घड किती गेले.
बाकीचं तुह्या कपाटात ठेव."

परतताना तापीच्या पुलावर
अल्ताफ पहिल्यांदा बोलला:
"मॅडम, नवतीच्या बुडाशी सात-सात पिलं फुटतात.
बाबा सगळी कापतो, एकच ठेवतो.
त्याचीच पुढं पिलबाग.
सगळी ठेवली तर घड कुणालाच नाही."
मी केळीवाल्याचीच लेक.
हे मला माहीत होतं.
माहीत असून एकशे दहा पानं लिहिली.

मग पट्टी उतरवली.
दोन-दोन आठवड्यांचे तुकडे, पिवळ्या चिठ्ठ्या.
मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला
त्यांचा डिंक सुटायचा, कूलर लागला की
अख्खं नियोजन फरशीवर.
जयूनं कणकेची खळ केली.
कामाला अंक द्यायचे असतात, आम्ही फण्या दिल्या:
हे दोन फण्यांचं, हे पाच.
लॉगिनवर भांडण. डिगंबर म्हणे आठ, जयू म्हणे एक.
तासाभरानं कळलं,
दोघांच्या डोक्यातलं लॉगिनच वेगळं होतं.

सकाळी सव्वानऊला उभं राहायचं, बसायचं नाही.
काल काय, आज काय, अडलंय कुठं.
मला वाटायचं, हे पुस्तकातलं.
एकदा पहाटे बागेत गेले, तर
कापणीची टोळी बांधावर उभी:
काल किती घड, आज कुणाचा मळा,
कोयता कुणाचा बोथट.
चार मिनिटं. पांगले.
आम्हाला अजून अकरा लागतात.

पहिल्या पंधरवड्यात एकच बटण.
भाकरीएवढं, हिरवं.
दहा घड चढले की एकदा दाबायचं.
काकांनी दोन्ही हात बघितले,
मग बाही सरकवून कोपरानं दाबलं.
चाललं.

त्याच दिवशी शेठना सांगितलं,
"आलेख दिवाळीपर्यंत होणार नाहीत."
इतकी वर्षं 'होऊन जाईल' म्हणत आले होते;
जीभ जड झाली.
शेठनी पानाची डबी उघडली.
"बरं झालं सांगितलं. आता भाव कमी कर."

फळ्यावर शेवटचा रकाना: 'झालं'.
डिगंबरचं झालं म्हणजे कोड लिहून झाला.
जयूचं झालं म्हणजे तिला तो मोडता येईना.
तिसरं झालं रात्री पावणेअकराला आलं,
माझ्या फोनवर, मी ताट घासत असताना:
गाडी गेली. सातशे चाळीस घड.
आणि मागोमाग काकांचा आवाज, सहा सेकंद:
"पोरी, रेंज गेल्यावर याचं काय करू?"

घरी खळ नव्हती.
चिठ्ठी लिहिली,
भाताचं शीत लावून
फ्रिजवर दाबून धरली.