सतरावा तुकडा

कोडी मी कापतो.
म्हणजे सुचतात ती दुसऱ्या कुणाला,
लॉस एंजेलिसात, एसीत बसून.
माझ्याकडे येतो कागद.
मी प्लायवूड कापतो, कानस मारतो,
तुकड्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे घालतो
आणि शूटिंगच्या आदल्या रात्री पुसून टाकतो.

बेट आमचं, फिजीतलं. कार्यक्रम त्यांचा.
वर्षातून दोन महिने अठरा धडधाकट माणसं
इथं हौसेनं उपाशी राहायला येतात
आणि कॅमेऱ्यासमोर माझे तुकडे जुळवतात.
कुणाला काही सांगायचं नाही, अशी सही घेतलीय माझी.
उनाइसीलाही सांगितलं नव्हतं.
तिला माहीत होतं. केसांतला भुसा कुठं लपतो?

नारळीमागून बघत उभा राहायचो मी.
वाळूत गुडघे टेकलेली माणसं, ओठांवर मीठ,
सगळं जग चोवीस तुकड्यांएवढं झालेलं.
त्या दहा मिनिटांत कुणाच्या डोक्यावर घराचे हप्ते नसतात,
कुणाचा कोर्टात खटला नसतो,
एवढंच असतं: हा इथं, की तिथं.
मला वाटायचं, लोक याच्यासाठीच बघत असणार.
उत्तर आहे, एवढं तरी नक्की असतं.
कुणीतरी ते आधीच कापून ठेवलंय.

माझी थोरली ब्रिस्बेनला गेली.
तीन वर्षं फोन नाही.
त्याच्या पाठीवर कुणी आकडे घातले नव्हते.

मग ती मार्लीस.
डुलुथची, टपाल खात्यातली,
तीस वर्षं हातानं पत्रं लावलेली बाई.
पेटी उघडली आणि पत्ते वाचावेत तसे
तुकडे वाचत गेली.
असे हात मी सुतारांतही फार पाहिले नाहीत.
पण आदल्या रात्री भरती वर चढली होती,
पेटीच्या कोपऱ्यात पाणी शिरलं होतं,
आणि सतरावा फुगला होता.
फार नाही. अर्धं सूत.

तिनं तो बरोबर जागी ठेवला.
दाबला. मुठीनं ठोकला.
बसेना.
मग बघितलं त्याच्याकडे,
ओळखीचं माणूस ओळख दाखवत नाही
तेव्हा बघतो तसं.
आणि उचलून बाजूला टाकला.
तिथून तिचं सूत जुळेचना.

माझं तोंड उघडं होतं. आवाज सहीखाली अडकलेला.
रात्री नावेतून तिला घेऊन गेले.
जाताना ती बोटांनी हवेत
काहीतरी लावत होती अजून.

सहा महिन्यांनी गावाच्या हॉलमध्ये दाखवला तो भाग.
जनरेटर, भिंतीवर पांढरी चादर,
चटयांवर सगळं गाव, मधे यांगोनाचं लाकडी पातं,
एकेक करवंटी फिरतेय, जीव सगळ्यांचा टांगणीला.
तिचा चेहरा चादरभर. छातीत वाजणारं संगीत.
आणि ती पहिली वेळ त्यांनी कापून टाकलेली.
चादरीवरची मार्लीस सतरावा तिथं ठेवतच नाही.
नुसती भिरभिरते, त्याच्यावरून हात नेते, परत आणते.
सूत्रधार म्हणाला, ती गोंधळली.

हॉल पेटला.
खालचा! अगं खालचा!
माझा नातू तोमासी चटईवर उड्या मारत,
सेरूकाका, ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, तोही.
सगळ्यांना दिसत होतं. सगळे तिच्याहून हुशार.
आणि मी,
ज्यानं तो कापला, ज्याला सगळं ठाऊक,
मीसुद्धा उठून ओरडलो: खालचा!
जणू या वेळी बसेल.

उनाइसीनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही.

पाट त्यांनी जाळला, दर वर्षी जाळतात.
सतरावा मी खिशात घातला होता.
आता वाळलाय. दाराखाली पाचर म्हणून लावलाय,
रात्री वारा सुटतो तेव्हा.
अर्धं सूत कमी पडतं.
दार थोडं वाजतंच.