हूल

एकच डबा आणि पोरी अकरा,
म्हणून वहीत पाळ्या लावल्यात.
सोमवारी डिंपल, मंगळवारी आफरीन,
बुधवारी कोणीच नाही, बुधवार चार्जरचा.
डोळ्यांभोवतीचा फोम घामानं भिजतो,
ओढणीनं पुसला जातो,
मग सायकलच्या हँडलला लटकून
तांडापेठेतून गोळीबार चौकाकडे निघतो.

मैदान मात्र रोज.
पहाटे साडेपाचला, कारण मे महिन्यात
सातनंतर नागपूरची माती तळव्यांना चावते.
फक्कीच्या नऊ पाट्या, मधोमध लांबलचक सूर,
आणि पाटीत उभ्या पोरी, चवड्यांवर.

डब्यात मी आहे.
दोन हिवाळ्यांपूर्वीची,
गुडघा उघडण्याच्या आधीची.
कॉलेजातला एक मुलगा आला होता, निनाद,
त्यानं चौथ्या पाटीत स्टँड रोवला,
वर सगळीकडून डोळे असलेला कॅमेरा.
म्हणाला, मॅडम, हा माणूस समजा आणि चकवा.
त्रेपन्न वेळा चकवलं.
यंत्राला हूल देताना लाज वाटत होती,
फसलेल्या माणसाच्या खांद्यात कळतं,
ह्याला खांदेच नाहीत.

आता पराते यांचा माग विकल्यावर
जी खोली रिकामी झाली,
तिथं डिंपल डबा चढवते
आणि मी तिच्या अंगावर धावून येते,
न दमता, न बोलता, पुन्हा पुन्हा.
तिची आई दारातून बघते:
"काहून वं, माशा मारून रायली का?"

एकदा फक्की टाकता टाकता डिंपल म्हणाली,
"मॅडम, सांगू का? रागावसान तं नाही?
उजवीकडं जायच्या आधी
तुम्ही खालचा ओठ चावता."

एकोणीस वर्षं खेळले.
भंडाऱ्याच्या पोरींना दिसलं नाही,
पंचांना दिसलं नाही,
माझा चेहरा पाठ आहे म्हणणाऱ्या
घरातल्या माणसालाही नाही.

त्या बुधवारी चार्जर काढला
आणि डबा मीच लावला.
स्वयंपाकघराचा ओटा गेला, फ्रिज गेला,
समोरून मी आले.
चावला ओठ. उजवीकडे.
पुन्हा मागं नेलं. चावला ओठ.
चार-पाच खेपांनंतर ओठ बघायचं सोडलं,
नुसता गुडघा बघत बसले,
कसा वाकतो, कसा सरळ होतो,
काहीच विशेष नसल्यासारखा.
हात पुढं केला तर
डाळीचं भांडं लवंडलं.

गुरुवारी पट्टा आवळून पाटीसमोर उभी राहिले.
पाटीत डिंपल. बाकीच्या गप्प.
धावणं जमत नाही आता,
दोन पावलं जमतात.
मी ओठ चावला.
ती माझ्या उजवीकडं अशी झेपावली
की कोपर सोललं,
आणि मी डावीकडून, लंगडत, सावकाश,
कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघाल्यासारखी
पाटी ओलांडून गेले.

मातीत बसूनच ती म्हणाली,
"हे तं डब्यात नाही."
"नव्हतंच," मी म्हटलं.
"तू सांगितलं तेव्हा शिकले."

आफरीन जखमेवर पाणी ओतत होती,
ओतता ओतता विचारत होती,
आज डबा कोणाकडं, वही कुठंय.

पुढच्या सोमवारपासून डिंपल
धावताना ओठ चावते.
खरा चावते की खोटा,
मला अजून कळलेलं नाही.